एक तुळई, बारा फळ्या

दिग्रसच्या आमच्या घरात चुलीच्या वर भिंतीत एक फळी होती. अर्धा फूट जाड, पाच फूट लांब, धुराने काळी झालेली. तिच्यावर दादीची मिठाची बरणी असायची, काडेपेटी असायची, तिखट-हळदीचे डबे असायचे. रमजानमध्ये सहरीसाठी गजराचं घड्याळही तिथेच यायचं. थंड मुलखातल्या घरांत शेकोटीच्या तोंडावर अशीच जाड फळी बसवतात. तिच्यावर घड्याळ, शोभेच्या वस्तू, घरातल्यांच्या तसबिरी ठेवतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरात शेकोटी कुठून येणार? आमची फळी चुलीवर होती, पण तिचा मान तोच होता. घरातलं महत्त्वाचं सगळं तिच्यावर.

अम्मीनंतर अब्बांचाही इन्तेकाल झाला आणि दोन वर्षांनी भावांनी ते जुनं घर पाडायला काढलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, दालनात सागवानाची तुळई. पाडायच्या आधी आम्ही चौघं भावंडं जमलो. दोन भाऊ, आपा आणि मी सगळ्यात धाकटी. पण मला बोलावण्याचं कारण फळी नव्हतं. धाकट्या भाईजानचा फोन आला होता, "जुम्याला ये. हक्कसोडपत्र तयार आहे, सही करायची आहे."

आपाने मला आधीच समजावलं होतं, "करून टाक सही. चार पैशांसाठी माहेर तुटायला नको." आपल्याकडच्या किती बहिणींनी हे वाक्य ऐकलं असेल आणि पुढे आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलंही असेल!

सहीच्या आधी आपा म्हणाली, "मला दुसरं काही नको. दादीची ती फळी द्या." तेव्हा मीही म्हणाले, मलाही हवी. मग मोठ्या भाईजानलाही ती नव्या घरात हवी होती आणि धाकट्यालाही. फळी एक, मागणारे चार.

फळी भिंतीतून काढली, तेव्हा भांडण आपोआप मिटलं. वरून रंग शाबूत होता, पण आत वाळवीने, म्हणजे आमच्याकडच्या उधईने, सगळं खाल्लं होतं. हातात घेताच तिचा भुगा झाला. इतकी वर्षं आम्ही जिला भरीव समजत होतो, ती कधीचीच पोकळ झाली होती.

सुतारकाकांचा प्रश्न

पाडकामाचं लाकूड बघायला गावातले एक जुने सुतार आले होते. त्यांनी दालनातल्या तुळईवर, आमच्याकडचे लोक जिला मयाल म्हणतात तिच्यावर, हातोडीने ठोकून पाहिलं. बारा फूट लांब, आठ इंच बाय आठ इंच. भिंतीत गेलेलं एक टोक दोन फूट कुजलेलं होतं. बाकीचे दहा फूट खणखणीत.

मोठे भाईजान म्हणाले, "हिच्यातून तशाच दोन जाड फळ्या निघतील."

काका म्हणाले, "दोन निघतीन, भाऊ. पण मागणारे चार हायेत. मले एक सांगा, फळी जाड असाले पायजे का जाड दिसाले पायजे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

त्यांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. तुळईचे पाच-पाच फुटांचे दोन ठोकळे करायचे. प्रत्येक ठोकळ्याची जाडी आठ इंच, म्हणजे सुताराच्या मापात ६४ सूत, कारण एका इंचाचे ८ सूत. एक-एक इंचाच्या सात फळ्या काढल्या तर ५६ सूत लागतात. मधल्या सहा कापांत आरा मशीन प्रत्येकी साधारण एक सूत लाकूड खाते. झाले ६२. दोन सूत शिल्लक. म्हणजे दोन ठोकळ्यांतून चौदा फळ्या. त्यात झाडाच्या अगदी मध्यातून निघणाऱ्या दोन फळ्या हमखास तडकलेल्या असतात. राहिल्या बारा चांगल्या.

आणि तीन पातळ फळ्यांची एक जाड फळी होते. एक वर, एक खाली, एक समोर. मागे भिंत, आत पोकळी. तडकलेल्या दोन फळ्यांमधून भेगा टाळून दोन्ही बाजूंची झाकणं काढायची. बारा भागिले तीन, चार. चौघांना चार.

मग काकांनी खडू हातात धरून अगदी साधेपणाने विचारलं, "आता कोनाच्या नावानं किती फळ्या लिहू? तुमच्यात वाटा कसा असते, भाऊ?"

मोठे भाईजान सवयीने बोलून गेले, "भावाला दोन, तर बहिणीला एक." आणि बोलता बोलताच थांबले. टेबलावर हक्कसोडपत्र ठेवलेलं होतं. घराबद्दल हा प्रश्न आमच्या अंगणात तोवर कोणी विचारलाच नव्हता.

चार-चार, दोन-दोन

काका हिशेबाला पक्के. दोन भाऊ, दोन बहिणी म्हणजे एकूण सहा वाटे. बारा फळ्या भागिले सहा, एका वाट्याला दोन. भावांना चार-चार, बहिणींना दोन-दोन. त्यांनी खडूने फळ्यांचे आकडे तसे लिहिले आणि मान हलवली. "पन ताई, दोन फळ्यांत काम होत नाही. तीन लागतात."

मोठे भाईजान थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या चारातली एक आपाच्या नावावर लिहायला सांगितली. जरा वेळाने धाकट्यानेही आपली एक माझ्या नावावर केली. सगळ्यांच्या तीन-तीन झाल्या.

आपा नंतर मला म्हणाली, "माझ्या दोन मला आधी मोजून मिळाल्या, म्हणून ही तिसरी गोड लागली."

मला वाटतं, वारशाच्या बाबतीत आपण नेमकं इथेच चुकतो. सूरह निसाच्या ११व्या आयतीत मुलीचा वाटा ठरलेला आहे. कर्ज आणि वसियत यांचा निकाल लागला की तो तिचाच. भावाने आपल्यातलं बहिणीला दिलं किंवा बहिणीने आपल्यातलं भावाला सोडलं, तर तो तोहफा. पण तोहफ्याच्या आधी हक्क मोजला गेला पाहिजे. जे कधी मोजलंच नाही, ते सोडणार काय? आपल्याकडे उलट होतं. आधी सही, मग साडी, आणि हिशेब कधीच नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरीयत) १९३७ पासून लागू आहे. घर, प्लॉट, पैसा, दागिने यांत मुलीचा वाटा वडील वारल्याबरोबर तयार होतो. वडील हयात असताना 'माझा हक्क सोडला' असं लिहून घेण्याला त्या कायद्यात सहसा अर्थ नसतो, कारण तेव्हा हक्क निर्माणच झालेला नसतो. वडिलांनंतर केलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र सहजासहजी फिरवता येत नाही. म्हणून सहीपूर्वी मालमत्तेची किंमत आणि आपला वाटा कागदावर मांडून मागावा. शेतजमिनीचं वेगळं आहे. १९३७ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये ती वगळलेली आहे, तेव्हा शेताचा प्रश्न असेल तर वकिलाला जरूर विचारावं.

पातळ फळ्यांची जाड फळी

आता कामाबद्दल, कारण हे काम शिकून घेण्यासारखं आहे. जुनं घर पाडणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट परवान्याची. सागवान हलवायचं तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. जुन्या घराचं लाकूड असलं, तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं आणि परवाना असलेल्या आरा मशीनवरच चिरून घ्यावं. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधावेत. एक खिळा राहिला तरी आऱ्याचं पातं जातं आणि माणसालाही इजा होते.

चिरलेल्या फळ्या लगेच वापरायच्या नाहीत. लाकूड जुनं असलं, तरी आतला ताण चिरल्यावर मोकळा होतो आणि फळी वाकते. काकांनी फळ्या सावलीत एकावर एक रचल्या, प्रत्येक दोघींच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळेल. तीन आठवडे तशाच ठेवल्या. मग रंधा मारून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडी केली. कडा सरळ केल्यावर रुंदी साडेसात इंच राहिली. समोरची फळी सहा इंचांची केली.

जाडपणाचं गुपित कडांमध्ये आहे. वरची फळी समोरच्या फळीवर नुसती ठेवून खिळे मारले, तर जोडाची रेघ समोरून दिसते आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून दोन्ही कडा ४५ अंशांत कापायच्या. दोन ४५ मिळून ९० होतात आणि जोड नेमका कोपऱ्याच्या धारेवर येतो, तिथे डोळा थांबत नाही. एकाच ठोकळ्यातल्या शेजारच्या फळ्या शेजारी घेतल्या, तर लाकडाच्या रेषाही वळून पुढे गेल्यासारख्या दिसतात. म्हणून काकांनी चिरतानाच प्रत्येक फळीवर आकडा टाकला होता.

जोडायची पद्धत फार सोपी आणि हुशारीची आहे. तिन्ही फळ्या, दर्शनी बाजू वर करून, जमिनीवर शेजारी-शेजारी कडा भिडवून ठेवायच्या. जोडांवर चिकटपट्टी लावायची. मग सगळं अलगद उलटं करायचं. आता कडांमध्ये दोन चर दिसतात. त्यात गोंद भरायचा आणि पुस्तकाचा पुठ्ठा मिटावा, तशा फळ्या मिटायच्या. चिकटपट्टी बिजागरीचं काम करते. सागवान तेलकट असतं, म्हणून गोंद लावायच्या अगदी आधी कडा थिनरच्या फडक्याने पुसाव्या लागतात, नाहीतर जोड धरत नाही. कोपरा काटकोनात आहे का, ते गुण्या लावून पाहायचं, दोरीने आवळायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. आतल्या कोपऱ्यांत फूट-सव्वा फुटावर लाकडाचे छोटे त्रिकोणी ठोकळे चिकटवले, की पेटी मजबूत होते.

दोन्ही बाजूंची झाकणं लावताना एक गोष्ट विसरू नये. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. श्रावणात तीच हवा ओलीचिंब. साडेसात इंच रुंद सागवानी फळी त्यात दोनेक मिलिमीटर मागेपुढे होऊ शकते. झाकण सगळीकडून घट्ट चिकटवलं, तर फळी कुठेतरी तडकणार. म्हणून गोंद फक्त पुढच्या अर्ध्या भागात लावायचा आणि मागचा भाग मोकळा ठेवायचा. काका म्हणाले, "लाकडाले हलाले जागा ठेवा लागते, ताई. नाही ठेवली तं ते सोता करून घेते."

कोपऱ्यावर केसाएवढी फट राहिलीच, तर पेचकसाच्या गोल दांड्याने ती धार दोन्ही बाजूंनी दाबून घासायची. लाकडाचे तंतू वळतात आणि फट बुजते.

भिंतीवर बसवायला आधी पेटीच्या आत मावेल अशी दोन इंच जाड पट्टी भिंतीला आडवी ठोकतात. पाण्याच्या पातळीने ती सपाट आहे का ते बघून, विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने पक्की करतात. मग पोकळ पेटी त्या पट्टीवर सरकवायची आणि खालून स्क्रू मारायचे. समोरून ना खिळा दिसतो, ना ब्रॅकेट. पाच फूट लांब भरीव फळी अशा मापाची केली असती, तर २८-२९ किलो भरली असती. ही साधारण ११ किलो भरते. भिंतीवरचा भार निम्म्याहून कमी.

शेवटी जवसाचं तेल. कापडाने पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. मात्र तेलाचे ते बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगात पडलेले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत. आणि गॅसच्या शेगडीवर ही फळी लावायची असेल, तर मध्ये किमान अडीच फूट अंतर ठेवा. दादीच्या काळची चूल जमिनीवर होती. आताची शेगडी ओट्यावर आहे.

पोकळ म्हणजे खोटं नव्हे

धाकट्या भाईजानला एक शंका होती. "हे तर दिखाऊच झालं. आत पोकळ आणि बाहेरून भरीव."

शंका चांगली आहे. बाजारात प्लायवूडवर सागवानाचा पापुद्रा चिकटवून 'अस्सल सागवान' म्हणून विकणारे भेटतात. ओल्या धान्याची हदीस आपल्या वाचकांना माहीत आहे. धान्याच्या ढिगात रसूलुल्लाहनी (स.) हात घातला, तर वरून कोरड्या ढिगात आत ओल लागली. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का नाही ठेवला, असं त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं. धान्य ओलं असण्यात गुन्हा नव्हता. लपवण्यात होता. पोकळ फळीचंही तसंच आहे. घेणाऱ्याला सांगितलं, तर ती कारागिरी. लपवलं, तर फसवणूक.

तुम्ही विकत घेत असाल, तर फळीची टोकं पाहा. भरीव लाकडाच्या टोकाला झाडाच्या वर्षांची वर्तुळं कापलेली दिसतात. जोडलेल्या फळीच्या टोकाला उभ्या-आडव्या रेषांची फळीच दिसते आणि कोपऱ्यात जोडाची तिरकी रेघ. बोटाने ठोकून पाहा, उचलून पाहा. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा.

शिवाय लहान तुकड्यांतून मोठं काम उभं करणं हा काटकसरीचा कमीपणा कधीच नव्हता. मुस्लिम जगातल्या कारागिरांची तर ती शान होती. त्या कोरड्या मुलखांत मोठं लाकूड दुर्मिळ, आणि मोठी अखंड फळी उन्हाने तडकायची. म्हणून त्यांनी लहान-लहान तुकडे एकमेकांत खाचा करून बसवण्याची कला वाढवली. प्रत्येक तुकड्याला हलायला जरा जागा, म्हणून सगळं मिळून शतकानुशतकं टिकायचं. मस्जिद-ए-अक्सासाठी सुलतान नूरुद्दीन जंगीने ११६८-६९ मध्ये हलब, म्हणजे आजच्या अलेप्पोमध्ये असा मिंबर करवून घेतला. तेव्हा बैतुल मुकद्दस त्याच्या ताब्यातही नव्हतं. ११८७ मध्ये ते शहर घेतल्यावर सलाहुद्दीन अय्यूबीने तो मिंबर तिथे नेऊन बसवला. तो तिथे जवळजवळ आठ शतकं उभा होता. २१ ऑगस्ट १९६९ रोजी लावलेल्या आगीत तो जळाला. मग जॉर्डनमध्ये कारागिरांनी जुनी पद्धत पुन्हा शिकून, हजारो तुकडे जोडून तसाच मिंबर बनवला आणि २००७ मध्ये तो अक्सात बसला.

आपल्याकडची कारणं वेगळी, पण शहाणपण तेच. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर असो की उमरखेडकडचं पैनगंगेचं जंगल, यवतमाळची ओळख सागवानाने आहे. आठ इंच चौरस तुळई निघायला झाडाचा घेर तीन फुटांहून जास्त लागतो, आणि आपल्या कोरड्या रानात तेवढ्या घेराला कित्येक दशकं जातात. आमच्या तुळईचं झाड अब्बांच्या जन्माच्या फार आधी रुजलं असणार. अशा लाकडाच्या दोन भरीव फळ्या करून दोघांनाच देणं, की चार घरांत ते पोचवणं, याचं उत्तर अवघड नाही.

चार घरांत

आज त्या तुळईच्या चार फळ्या चार घरांत आहेत. मोठ्या भाईजानची दिग्रसच्या नव्या घरात, धाकट्याची दारव्ह्याला, आपाची पुसदला आणि माझी यवतमाळला. माझ्या फळीवर दादीची मिठाची बरणी आहे. बरणी मात्र एकच होती, तिचे चार भाग झाले नाहीत. ती आपाने मला दिली.

त्या जुम्याला हक्कसोडपत्रावर सही झाली नाही. मोठ्या भाईजाननी ते घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यांनी प्लॉटची किंमत काढून घेतली, सहा वाटे केले आणि आम्हा दोघींचा एक-एक वाटा वहीत लिहिला. रक्कम एकदम देण्याची त्यांची ऐपत नाही, म्हणून हप्ते ठरले. दोन हप्ते आले आहेत. धाकटे भाईजान अजून थोडे नाराज असतात, पण त्यांचाही हप्ता येतो. ईदला आम्ही सगळे दिग्रसला गेलो होतो. माहेर तुटलं नाही.

सुतारकाका मजुरी घेऊन गेले. आपण त्या दिवशी लाकडाव्यतिरिक्त काय मोजून दिलं, हे त्यांना माहीतही नसेल. अल्लाह त्यांना आरोग्य देवो.